मोठे कुत्रे: मूळचं काम आणि नागपूरचा उन्हाळा

धरमपेठेत, प्रतापनगरात आता सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन सर्रास दिसतात. पिल्लू आणण्याआधी त्या जातीचं मूळ काम काय होतं, हे विचारायलाच हवं. कारण कुत्र्याचं अंग त्या कामासाठी घडलेलं असतं.

सेंट बर्नार्ड आल्प्समधला. २४६९ मीटर उंचीवरच्या खिंडीत, मठाच्या राखणीसाठी १७व्या शतकात हे कुत्रे आले आणि पुढे बर्फात अडकलेले वाटसरू शोधू लागले. गळ्यातलं ब्रँडीचं पिंप ही चित्रकाराची कल्पना. त्यांच्यातला प्रसिद्ध बॅरी (१८००-१८१४) जेमतेम ४०-४५ किलोचा, आखूड केसांचा होता. १८१६ ते १८१८ च्या कडक हिवाळ्यांत बरेच कुत्रे दगावले, म्हणून नंतर न्यूफाउंडलंड जातीच्या कुत्र्यांशी संकर केला. पिल्लं झाली लांब केसांची. त्या केसांत बर्फाचे गोळे अडकायचे, कुत्रा जड व्हायचा आणि कामातून बाद. आज घरोघरी दिसतो तो बहुधा हाच लांबकेशी, वजनदार प्रकार.

रॉटवायलर जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा: गुरं हाकायची, गाडी ओढायची. रेल्वे आली, ते काम संपलं. २०व्या शतकाच्या सुरुवातीला पोलिसांनी त्याला उचललं. ग्रेट डेन रानडुकराच्या शिकारीचा. सुळ्यांनी फाटू नयेत म्हणून कान कापत. आज रानडुक्करच समोर नाही, तेव्हा कान कापणं म्हणजे निव्वळ छळ. धावण्यासाठीची त्याची खोल छाती मात्र आजही जोखमीची आहे: पोट फुगून पीळ पडतो. दिवसाचं खाणं दोनदा विभागून द्या, जेवणानंतर तासभर पळवू नका.

आपल्या दख्खनचा कारवानी सशामागे पळणारा; सडपातळ, आखूड केसांचा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. इथलं ऊन त्याला बरंच सोसतं.

दुहेरी केसांच्या (वर केस, खाली दाट लव) कुत्र्याचं मेमध्ये मुंडण करू नका, कातडी भाजते. खालची लव विंचरून काढा. फिरवणं सकाळी सहाच्या आत. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल झाल्या, तोल जाऊ लागला, तर अंगावर साधं पाणी ओतत पंखा लावा आणि लगेच डॉक्टरकडे न्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. कोरड्या मेमध्ये कूलर चांगला चालतो. पावसाळ्याच्या तोंडावर हवा दमट झाली की कूलर आणि कुत्र्याची धाप, दोन्हींचा गारवा कमी होतो, कारण दोन्हींची मदार पाणी उडून जाण्यावर आहे. तेव्हा पारा ३८ वर असला तरी लक्ष ठेवा.