मागाहून झालेलं बारसं

कुडाळात आम्ही चार-पाच जण पावसाळ्यात कॉमिक्स वाचतो आणि त्यांची परीक्षणं लिहितो. मृग लागला की पानं ओल धरतात, एकमेकांना चिकटतात. मग गठ्ठा चुलीवरच्या फळीवर जातो आणि धुराचा वास घेऊनच खाली उतरतो. यंदा विज्ञानपटांची आणि मालिकांची गोष्ट पुढे नेणारी कॉमिक्स घेतली, आणि पहिल्याच बैठकीत भांडण झालं: यात घडतं ते मूळ सिनेमा-मालिकेच्या गोष्टीत ‘खरं’ धरायचं का? भांडण जुनंच आहे, म्हणून हे टिपण.

सुरुवातीला कुणाला असला प्रश्न पडतच नव्हता. फ्लॅश गॉर्डन तर उलट्या वाटेने आला. १९३४ साली वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत जन्मला, १९३६ साली पडद्यावर गेला. ‘स्टार ट्रेक’चं कॉमिक गोल्ड की प्रकाशनाने १९६७ मध्ये काढलं ते मालिका गाजत होती म्हणून. चित्रं इटलीत काढली जात. त्यातला प्रमुख चित्रकार अल्बर्तो जोलित्ती याने मालिका पाहिलेलीच नव्हती, हाताशी होते ते फोटो. सुरुवातीच्या अंकांत एंटरप्राइझ यानाच्या मागून दिवाळीतल्या बाणासारख्या ज्वाळा निघतात, त्या अशा.

मार्व्हलचं ‘स्टार वॉर्स’ १९७७ साली सिनेमाच्याही आधी स्टॉलवर आलं. पहिले सहा अंक सिनेमाचीच गोष्ट, सातव्यापासून स्वतःची. आठव्या अंकात जॅक्सन नावाचा हिरवा ससा पिस्तुलं घेऊन अवतरला. पुढच्या सिनेमात काय येणार हे ठाऊक नसताना लेखकाने पात्रांना न्यायचं तरी कुठे? ससा त्यातल्या त्यात बिनधोक होता. मला तो आवडतो, बैठकीत कुणालाच नाही.

खरी गंमत १९८८ ची. ‘एलियन्स’ सिनेमा दोन वर्षांपूर्वी येऊन गेला होता. डार्क हॉर्स प्रकाशनाने त्याची पुढची गोष्ट कृष्णधवल अंकांत काढली. लेखन मार्क व्हर्हायडन, चित्रं मार्क ए. नेल्सन. सिनेमात वाचलेली छोटी न्यूट इथे मोठी झालेली, डोकं ताळ्यावर नाही म्हणून डांबून ठेवलेली. सैनिक हिक्सचा चेहरा भाजलेला. परग्रहावरच्या राक्षसांपेक्षा या दोघांची न भरलेली जखमच वाचणाऱ्याला धरून ठेवते.

आणि १९९२ मध्ये त्याच साखळीतला तिसरा सिनेमा आला. त्यात सुरुवातीलाच न्यूट आणि हिक्स दोघंही मेलेले! कॉमिकमधली माणसं एका रात्रीत बेवारस झाली. प्रकाशकाने पुनर्मुद्रणात त्यांची नावंच बदलली: न्यूटची बिली, हिक्सचा विल्क्स. गोष्ट तीच, चित्रं तीच, बारसं तेवढं मागाहून.

पुढे हे घाऊक होऊ लागलं. ‘स्टार वॉर्स’ काढणाऱ्या लुकासफिल्मने एप्रिल २०१४ मध्ये त्याच्या आधीच्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा, म्हणून अधिकृत गोष्टीतून बाजूला काढली. ‘एक्स-फाइल्स’चा दहावा सीझन २०१३ मध्ये कॉमिकमधून सुरू झाला, तोही मालिकेचा निर्माता ख्रिस कार्टर सोबत असताना. २०१६ मध्ये मालिकाच टीव्हीवर परतली आणि दहावा सीझन आपला म्हणाली.

तेव्हा अधिकृतपणावर गुण देणारं परीक्षण कधी रद्दीत जाईल याचा नेम नाही. आमच्याकडे जत्रेतल्या दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, बोलणं तिथल्या तिथे सुचतं. पहाटे घरी परतणारा माणूस पुराणाचा दाखला मागत नाही. ‘आज भीम बरो बोललो,’ एवढंच म्हणतो, किंवा नाक मुरडतो. न्यूट न्यूटसारखी बोलते का, हे मी असंच पाहतो. बोलते.

बैठकीत मात्र तिला परीक्षणात काय म्हणायचं, यावरच अडलंय. नंतरच्या एका आवृत्तीत मूळ नावं परत आली, पण आमच्या फळीवरची प्रत बिलीची आहे. पेन्सिलीने कुणीतरी संवादाच्या प्रत्येक फुग्यात ते नाव खोडून ‘न्यूट’ लिहिलंय. अक्षर ओळखीचं वाटतं, कबूल कुणी करत नाही.