रीफ टँकमधील आगंतुक जीव

खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ टाकीत कोणी मुद्दाम न सोडलेले, पण खडकाच्या भेगांतून, प्रवाळाच्या बुडख्यावरून किंवा शेवाळाच्या गुंत्यातून आलेले प्राणी. टाकी पाळणारे त्यांना ‘हिचहायकर’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी ही गावे घाटमाथ्यावरची. इथल्या टाकीचे पाणी आर.ओ. पाण्यात सागरी मीठ विरघळवून केलेले असते (क्षारता दर हजारी ३५, सापेक्ष घनता १.०२५ ते १.०२६), त्यामुळे पाण्याबरोबर काही येत नाही. जे येते ते मुंबई-बंगळूरकडून रात्रीच्या बसने आलेल्या पार्सलातून. यांतले बहुसंख्य जीव निरुपद्रवी, कित्येक उपयोगी असतात. ओळख पटण्याआधी मारण्याची घाई केली, तर टाकीचे सफाई कामगारच आधी मरतात.

पाहण्याची रीत

पार्सलमधले पाणी टाकीत कधीही ओतू नये. ते पांढऱ्या टबात ओतून पाच-दहा मिनिटे निरखावे. निम्मे आगंतुक तिथेच सापडतात. पुढची पाहणी रात्री, दिवे मालवल्यावर तास-दोन तासांनी करावी. बॅटरीच्या काचेवर तांबडा जिलेटिन कागद बांधला की बहुतेक प्राणी बिचकत नाहीत. काचेला पट्टी टेकवून फोटो घ्यावा, कारण मापाशिवाय फोटोवरून ओळख सांगणे अवघड असते. रंगावर भिस्त ठेवू नये. शरीराला खंड आहेत का, पाय किती, कवच आहे का, प्राणी जागचा हलतो का आणि मुख्य म्हणजे काय खातो, हे पाहावे. मेलेल्या प्रवाळावर बसलेला दिसला म्हणून त्यानेच ते मारले असे होत नाही. बरेच प्राणी मेल्यावर खायला येतात.

कृमी

गोमेसारखा, गुलाबी-करडा, प्रत्येक खंडाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके असलेला ब्रिसल वर्म सर्वांत जास्त घाबरवतो. तो उरलेले खाद्य आणि मेलेले मासे खातो. त्याची संख्या वाढली तर दोष खाद्य जास्त पडण्याचा. केस बोटात मोडले तर चिकटपट्टी लावून ओढावी. हातमोजे घातलेले बरे. प्रवाळ कुरतडणाऱ्या खऱ्या फायरवर्मच्या डोक्यावर मांसल तुरा असतो. तो मुख्यतः अटलांटिककडचा. सावध राहावे ते युनिसिड कृमीपासून. डोक्यावर पाच स्पर्शिका, अंगावर मोरपंखी झाक, आणि धड कायम बिळात. काचेवरचे दोन-तीन मिलिमीटरचे पांढरे वेटोळे मात्र स्पायरॉर्बिड कृमींचे. ते निरुपद्रवी, तसेच राहू द्यावेत.

कवचधारी

कोपीपॉड व अँफिपॉड हे कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव माशांचे आयते खाद्य. आयसोपॉड या चपट्या कवचधारींमध्ये डोळे पाहावेत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मोठे काळे डोळे आणि झपाट्याने पोहणे ही सिरोलॅनिडची खूण. तो माशाला चिकटून चावतो. स्पर्श होताच गोळा होणारा स्फेरोमॅटिड गरीब. रात्री टाकीतून ‘टक्’ आवाज आला तर पिस्टल श्रिंप किंवा मँटिस श्रिंप. पहिल्याची एक नांगी दुसरीपेक्षा खूप मोठी असते. दुसऱ्याचे डोळे देठावर, एकेक वेगळा फिरणारा. मँटिस मासे व गोगलगाई मारतो, तो काढावाच. खेकड्यांत (इकडच्या कुर्ल्यांत) काळ्या टोकांच्या नांग्या आणि केसाळ पाय दिसले तर तो बाहेर. पण पोसिलोपोराच्या फांद्यांत राहणारा गुळगुळीत, चपटा ट्रॅपिझिया त्या प्रवाळाचा राखणदार आहे. त्याला तिथेच राहू द्यावे.

आयप्टेशिया

हे तपकिरी, अर्धपारदर्शक समुद्रफूल. देठ लांब, स्पर्शिका टोकदार. काडी जवळ नेली की क्षणात भोकात आत जाते, हीच मोठी खूण. खरवडून काढण्याची चूक नेहमी होते, आणि तीच महागात पडते: बुडाचा कण जरी खडकावर राहिला तरी त्यातून नवे फूल उगवते आणि एकाची दहा होतात. उपाय असा. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आर.ओ. पाण्यात डोशाच्या पिठाइतके दाट कालवावे, पंप बंद करावेत, बोथट सुईच्या सिरिंजने तोंडावर हळूच सोडावे, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पंप चालू करावेत. एका दिवसात तीन-चारच फुले. जास्त केली तर पाण्याचा सामू (पीएच) चढतो. पानाचा डबीतला चुना मुळात तोच, पण त्यात इतर मिसळ असू शकते, म्हणून वापरू नये. बर्घिया ही समुद्री गोगलगाय केवळ आयप्टेशियावरच जगते; फुले संपली की तीही उपाशी मरते.

इतर

व्हर्मेटिड गोगलगाय कडक नळीतून चिकट जाळे सोडून प्रवाळाला त्रास देते. नळीचे तोंड सुपरग्लूने बुजवावे. अ‍ॅस्टरिना हे छोटे तारामासे बहुधा काचेवरचा थर खातात. तांबूस, शेपटीला तीन टोके असलेले चपटे कृमी शेकड्यांनी असतील तर औषधाआधी नळीने शोषून काढावेत, कारण एकदम मेल्यावर त्यांचे विष पाण्यात सुटते. सक्रिय कोळसा तयार ठेवावा.

आगंतुक मारायला खडक उकळणे हा सर्वांत घातक उपाय. पॅलिथोआ या झोअँथिडमध्ये (खडकावर वसाहतीने वाढणारा, समुद्रफुलासारखा प्राणी) पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकते. खडक उकळताना किंवा गरम पाण्याने घासताना ते वाफेतून घरातल्या माणसांच्या फुप्फुसात जाते आणि इस्पितळात न्यावे लागते. कोकण किनाऱ्याच्या खडकांवरही झोअँथिड वाढतात, तेव्हा कारवार-गोव्याकडून हौसेने दगड उचलून आणण्यात हा धोका आहेच. शिवाय कायद्याचीही अडचण आहे: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१पासून सर्व स्क्लेरॅक्टिनिया (कठीण सांगाड्याच्या) प्रवाळांना संरक्षण दिलेले आहे, आणि दगडाला चिकटलेले लहान प्रवाळ नवख्याच्या नजरेस पडतही नाही.