ताणलेल्या चेनवरचा गिअर

माउंटन बाइकच्या मागच्या डिरेलरबद्दल, म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेबद्दल, फारशी तक्रार ऐकू येत नाही. पुढच्याबद्दल मात्र ती हमखास येते. चेन घासते, मोठ्या चेनरिंगवर (पेडलजवळच्या दातेरी चक्रावर) चढत नाही, ऐन चढावर लहान चेनरिंगवर उतरत नाही, आणि उतरलीच तर थेट फ्रेमवर जाऊन पडते. या दोघांच्या कामात एक मूलभूत फरक आहे. मागचा डिरेलर चेनचा खालचा, सैल पदर सरकवतो. पुढच्याला मात्र वरचा पदर सरकवावा लागतो, आणि पेडलवरचा सारा जोर त्याच पदरातून मागच्या चाकापर्यंत पोहोचत असतो.

हा जोर किती असतो, ते साध्या गणिताने काढता येते. ६० किलो वजनाचा स्वार आडव्या क्रँकच्या (पेडल ज्यावर बसते त्या दांड्याच्या) पेडलवर सारा भार टाकून उभा राहिला, तर पेडलवर सुमारे ५९० न्यूटन बल पडते. क्रँकची लांबी १७५ मिलिमीटर आणि २६ दात्यांच्या चेनरिंगची त्रिज्या साधारण ५२ मिलिमीटर धरली, तर तरफेच्या नियमाने चेनमधला ताण १,९५० न्यूटनांच्या पुढे जातो, म्हणजे चेनला जवळजवळ दोनशे किलोचे वजन टांगल्यासारखे होते. ३६ दात्यांच्या चेनरिंगवर त्याच स्वाराच्या भाराने हा ताण सुमारे १,४२० न्यूटन भरतो. चेनरिंग जितकी लहान तितका चेनवरचा ताण अधिक, आणि लहान चेनरिंग तर चढासाठीच असते. खालच्या पदरावर मात्र मागच्या डिरेलरच्या स्प्रिंगचाच काय तो ओढा असतो. पुढच्या डिरेलरच्या जुळणीत एकेक मिलिमीटर मोजावा लागतो तो या कारणाने.

पुढे ३६ व २६ दात्यांच्या दोन चेनरिंग, मागे ११ ते ३६ दात्यांची दहा चकत्यांची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) आणि २९ इंची चाके, अशी एक प्रचलित रचना उदाहरणादाखल घेऊ. २.२ इंच रुंद टायर असलेल्या चाकाचा परीघ सुमारे २.२९ मीटर असतो. सर्वांत हलक्या गिअरमध्ये, म्हणजे पुढे २६ आणि मागे ३६ असताना, पेडलच्या एका फेऱ्यात सायकल १.६५ मीटर पुढे जाते. सर्वांत जड गिअरमध्ये, ३६ आणि ११ वर, साडेसात मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्यांच्या गतीने हलक्या गिअरमध्ये ताशी जेमतेम ६ किलोमीटर वेग मिळतो. सायकलसह ९० किलो वजन घेऊन १० टक्के चढ या वेगाने चढताना केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १४५ वॉट शक्ती लागते. लहान चेनरिंग नसती आणि ३६ वर ३६ हाच सर्वांत हलका गिअर असता, तर त्याच वेगासाठी मिनिटाला ४३ फेरेच घ्यावे लागले असते. शक्ती तेवढीच, पण प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यांवर पडणारा भार जवळजवळ चाळीस टक्के जास्त. सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांवर सायकल चालवणाऱ्यांना हा फरक आकड्यांत सांगण्याची गरज नाही.

दोन गुणिले दहा म्हणजे वीस गिअर, असे विक्रेता सांगतो. प्रत्यक्षात त्यांतले बरेचसे एकमेकांची पुनरावृत्ती करतात. ३६ वर २१ चे गुणोत्तर (पुढचे दाते भागिले मागचे) १.७१ आणि २६ वर १५ चे १.७३ आहे, पायांना हा फरक जाणवणारही नाही. अशा जोड्या वगळल्या की खरोखर वेगळे असे तेरा-चौदा गिअर उरतात. त्यात खंत करण्यासारखे काही नाही, कारण एका चेनरिंगवरून दुसरीवर जाताना लय टिकते ती या पुनरावृत्तीमुळेच. पुढे ३६ वरून २६ वर उतरताना गिअर एकदम २८ टक्क्यांनी हलका होतो, म्हणून त्याच वेळी मागे दोन-तीन चकत्या लहान बाजूला जावे लागते.

२०१६ साली मागे १० ते ५० दात्यांची बारा चकत्यांची कॅसेट आली आणि पुढे एकच चेनरिंग ठेवण्याची पद्धत रूढ झाली. तिचा पल्ला, म्हणजे सर्वांत हलक्या गिअरच्या तुलनेत सर्वांत जड गिअर, ५०० टक्के आहे, आपल्या उदाहरणातला सुमारे ४५० टक्के. त्यामुळे दोन चेनरिंगचा पल्ला नेहमी मोठाच असतो, हे म्हणणे आता टिकत नाही. तरीही ज्यांच्या फ्रेमवर पुढच्या डिरेलरची जागा आहे, त्यांनी चांगली चालणारी रचना मोडून टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्यांना ती नव्याने बसवायची आहे, त्यांनी सुटे भाग घेण्याआधी फ्रेम तपासावी, कारण अनेक नव्या फ्रेमवर ही जागाच ठेवलेली नसते.

चेनरिंग नेहमी जोडीनेच घ्याव्यात. मोठीच्या आतल्या बाजूला बारीक उतार कोरलेले आणि खिळे बसवलेले असतात. डिरेलर चेनला केवळ बाजूला ढकलतो, तिला उचलून वर घेण्याचे काम हे उतार आणि खिळे करतात. ते लहान चेनरिंगच्या दात्यांशी ठरावीक कोनात जुळले तरच चेन अचूक चढते, म्हणून चेनरिंगवरची खूण क्रँकच्या दांड्याशी जुळवून बसवावी. एकेरी रचनेसाठी बनवलेली, आळीपाळीने जाड-बारीक दाते असलेली चेनरिंग इथे चालत नाही. तिचे दाते चेन धरून ठेवण्यासाठी घडवलेले असतात, आणि इथे तर चेन सुटायला हवी असते.

मागच्या डिरेलरची क्षमताही आधीच पडताळावी. पुढचा फरक १० आणि मागचा २५, असे एकूण ३५ दाते होतात. चेन प्रत्येक चक्राला सुमारे अर्धाच वेढा घालते, म्हणून एका दात्यामागे तिचा अर्धा सांधा सैल पडतो. सांध्याची लांबी १२.७ मिलिमीटर धरली तर एकूण सुमारे २२ सेंटिमीटर ढील डिरेलरच्या पिंजऱ्याला (चेन ताणून धरणाऱ्या खालच्या भागाला) गिळावी लागते. चेनची लांबी ठरवताना ती डिरेलरमधून न ओवता मोठ्या चेनरिंगवरून आणि सर्वांत मोठ्या चकतीवरून फिरवावी आणि वर दोन सांधे ठेवावेत. मागे सस्पेन्शन असेल, तर मागचा आस क्रँकपासून सर्वांत दूर जातो त्या स्थितीत हे माप घ्यावे. अन्यथा एखाद्या खड्ड्यात चेन ताणून डिरेलरच मोडू शकतो.

पुढचा डिरेलर बसवताना बहुतेकांची चूक क्रमात होते. काही बिनसले की हात आधी केबलकडे जातो, वास्तविक केबल सर्वांत शेवटी येते. प्रथम उंची पाहावी: चेनला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या डिरेलरच्या पट्ट्यांपैकी बाहेरची पट्टी आणि मोठ्या चेनरिंगचे दाते यांत १ ते ३ मिलिमीटर अंतर असावे. मग ती पट्टी वरून पाहताना चेनरिंगला समांतर करावी. त्यानंतर केबल सैल ठेवून, लहान चेनरिंग आणि सर्वांत मोठी चकती या जोडीवर, आतली पट्टी आणि चेन यांत जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर फट राहील असा आतला लिमिट स्क्रू (डिरेलरच्या हालचालीची मर्यादा ठरवणारा) फिरवावा. एवढे झाल्यावरच शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलण्याची कळ) सर्वांत खालच्या टप्प्यावर आणून केबल ओढून घट्ट करावी, आणि मोठी चेनरिंग व सर्वांत लहान चकती या जोडीवर बाहेरचा स्क्रूही तसाच लावावा. उंची किंवा कोन चुकलेला असेल, तर केबल कितीही ओढली तरी घासणे जात नाही, फक्त एका चकतीवरून दुसरीकडे सरकते.

मोठ्या चेनरिंगवर सर्वांत मोठी चकती आणि लहानवर सर्वांत लहान, या दोन जोड्या चेनला सर्वाधिक तिरकी करतात. तिथे थोडे घासणे हा जुळणीचा दोष मानू नये. त्या जोड्याच टाळाव्यात, कारण त्यांचे गुणोत्तर दुसऱ्या चेनरिंगवर मिळतेच. चढ सुरू होण्याआधी, पाय फिरत असतानाच अर्धा फेरा जोर कमी करून पुढचा गिअर बदलला, तर दोनशे किलोंचा तो ताण तेवढ्या क्षणापुरता उतरतो आणि चेन सहज खाली येते. नव्या केबलची आच्छादने पहिल्या काही फेरफटक्यांत नीट बसतात आणि केबल किंचित सैल होते. तेव्हा स्क्रूंना हात न लावता शिफ्टरजवळचा नळीसारखा ताण-स्क्रू पाव-अर्धा फेरा उलगडावा.