न्यूरोडायव्हर्जंट मुलांसाठी पर्यावरणपूरक शाळेची इमारत

ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया, फिट्स येणं, अशी मेंदूची जडणघडण किंवा काम वेगळं असलेल्या मुलांना शाळेत निवांत बसता-शिकता यावं आणि त्याच इमारतीला वीज, पाणी, सिमेंट-लोखंडही कमी लागावं, हे दोन्ही एकत्र धरून केलेलं डिझाइन. ऐकायला दोन वेगळी खाती वाटतात आणि बऱ्याच प्रोजेक्टमध्ये ती असतातही वेगळ्याच लोकांकडे, एनर्जी कन्सल्टंट एकीकडे आणि स्पेशल एज्युकेशनवाले दुसरीकडे, आणि गडबड नेमकी तिथूनच सुरू होते.

बऱ्याच गोष्टी दोघांनाही हव्याच असतात, त्यावर वाद नाही. भरपूर पण थेट न येणारा उजेड, कमी वासाचे कमी व्हीओसीवाले (म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेले) रंग, झाडं, खेळती हवा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम (दहा लाख भागांत 420) असतो, भरलेल्या बंद वर्गात तो सहज 1000 च्या वर जातो आणि मग पोरं पेंगायला लागतात, हे तर सगळ्याच मुलांना लागू.

भांडण लागतं ते आवाजावरून. वीज वाचवायची एक नेहमीची युक्ती म्हणजे फॉल्स सीलिंग न करता काँक्रीटचा स्लॅब उघडा ठेवायचा, रात्री गार हवा आत सोडून तो थंड करायचा आणि दिवसभर तो गारवा वापरायचा. एसी कमी लागतो, हिशोब छान जमतो, पण उघडं काँक्रीट आवाज शोषत नाही, नुसता घुमवतं. बाक सरकला, डबा पडला की तो आवाज वर्गभर रेंगाळतो आणि ज्याला बाईंचं बोलणं त्या गोंगाटातून वेगळं काढता येत नाही असं मूल कानावर हात ठेवून बसतं. ब्रिटनच्या शाळांसाठीच्या नियमावलीत नव्या प्राथमिक वर्गात आवाज विरायला 0.6 सेकंदांची मर्यादा आहे आणि ऐकण्या-बोलण्याच्या विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गात 0.4 सेकंदांची. उघड्या स्लॅबने तिथे पोचणं अवघडच. मग उपाय असा की सगळं छत झाकायचं नाही, स्लॅबखाली अंतर सोडून उभी पॅनल टांगायची (वुड वूलची म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची, किंवा जुन्या प्लास्टिक बाटल्यांपासून केलेल्या फेल्टची), म्हणजे हवा स्लॅबला लागते आणि आवाजही शोषला जातो. खिडक्यांचंही तेच, उघडल्या तर हवा येते आणि सोबत रस्ताही येतो, म्हणून त्या शांत अंगणाकडे काढतात नाहीतर आतून आवाज शोषणारं अस्तर लावलेले वळणदार व्हेंट बसवतात.

उजेडात तर बारीकसारीक गोष्टीच नडतात. ऊन अडवायला खिडकीबाहेर आडव्या पट्ट्या लावल्या की उष्णता कमी होते हे खरं, पण दुपारी त्याच पट्ट्यांच्या काळ्या-पांढऱ्या सावल्या जमिनीवर आणि वह्यांवर पडतात, आणि ठळक पट्ट्यांच्या नक्षीने काहींचं डोकं दुखतं, फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी (लुकलुकत्या उजेडाने किंवा अशा नक्षीने फिट येण्याचा आजार) असलेल्या एखाद्याला फिटही येऊ शकते. त्यापेक्षा रुंद छज्जा किंवा झाड बरं. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट सेकंदाला 100 किंवा 120 वेळा लुकलुकतात, एलईडीने वीज वाचते पण ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) स्वस्तातला असेल तर लुकलुक तशीच राहते. आणि मोशन सेन्सर! मूल कोपऱ्यात शांत बसलंय आणि दिवा फट्कन गेला, की ते दचकणारच. असा सेन्सर शेवटी कोणीतरी चिकटपट्टी लावून बंद करतं आणि वीज काही वाचत नाही. हळूहळू मंद होणारा दिवा आणि भिंतीवर साधं बटण, एवढ्याने बहुतेक काम होतं.

टॉयलेटमधलं हात सुकवायचं मशीन हे असंच, कागद वाचतो पण मूल आत जायलाच घाबरतं. कॅनडातल्या एका शाळकरी मुलीने मुलांच्या कानाच्या उंचीवर अशा मशीनचे आवाज मोजले होते, 2019 मध्ये ते एका वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं, काही मशीन 100 डेसिबलच्या वर निघाली. धुता येणारे कापडी टॉवेल हा जुनाच पर्याय आहे.

आराखड्याबाबत कैरोच्या आर्किटेक्ट मग्दा मुस्तफा यांचं काम सगळ्यात जास्त सांगितलं जातं. त्यांच्या 2008 च्या अभ्यासात शिक्षक आणि पालकांनी वास्तूतल्या घटकांमध्ये आवाजालाच पहिला नंबर दिला होता, आणि पुढे त्यांनी ऑटिझमसाठी ॲस्पेक्ट्स नावाची सात तत्त्वांची चौकट मांडली: आवाज, जागांचा क्रम, माघार घ्यायला कोपरा, जागांचे छोटे भाग, मधले संक्रमणाचे टप्पे, संवेदनांप्रमाणे झोन आणि सुरक्षितता. यातला माघारीचा कोपरा स्वस्तात होतो, वर्गातच कमी उजेडाचा एक कोनाडा पुरतो, फक्त तो शिक्षेची जागा होता कामा नये. छोटे भाग केले की भिंती वाढतात, मटेरियल वाढतं, पण रिकाम्या भागाचे दिवे-पंखे बंद ठेवता येतात.

असं डिझाइन नको म्हणणारे विचारतात की शाळा इतकी मऊ केली तर बाहेरच्या गोंगाटात मुलाचं कसं होणार. मुद्दा अगदीच फुकट नाही, पण आधी शिकता तर आलं पाहिजे. शिवाय सगळी मुलं आवाज-उजेड टाळणारी नसतात, काहींना उलट जास्त हालचाल, जास्त स्पर्श लागतो, म्हणून एकच शांत रंगाची खोली सगळ्यांना पुरत नाही आणि झोके, खडबडीत भिंत, गोल फिरून परत येणारी पळायची वाट हेही लागतं.

जुनी इमारत पाडून नवी बांधण्यापेक्षा आहे तीच सुधारणं कार्बनच्या हिशोबात बहुतेक वेळा परवडतं, कारण सांगाडा आधीच उभा असतो. तिथे दिवे बदलणं, पॅनल टांगणं, कोनाडा करणं आणि दारांच्या फटी बंद करणं ही कामं सुट्टीत उरकतात.