ज्येष्ठांवरील गुन्हे आणि पोलीस प्रशिक्षण (बेळगाव सीमाभाग)

साठी ओलांडलेल्यांची फसवणूक, लूट किंवा घरातला छळ यांची तक्रार कशी ऐकावी, नोंदवावी व तपासावी, याचे पोलिसांना दिले जाणारे शिक्षण. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण अधिनियम, 2007 च्या कलम 21 नुसार पोलिसांना या कायद्याची वेळोवेळी ओळख करून देणे ही राज्य सरकारची जबाबदारी आहे.

कायदा वर्गात शिकवून होतो. सीमाभागात खरी कसोटी ठाण्याच्या टेबलावर लागते. खानापूर-निपाणीकडची आजी मराठीत सांगते, फिर्याद कन्नडमध्ये उतरते आणि तिचा अंगठा तिला वाचता न येणाऱ्या कागदावर उमटतो. फिर्याद वाचून दाखवणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने बंधनकारक आहे, पण ती मराठीत समजावली नाही तर ते वाचन नावापुरतेच. दुभाषी म्हणून सोबतच्या मुलाला बसवणे सोयीचे. तक्रार त्याच्याचविरुद्ध असली म्हणजे मात्र म्हातारी गप्प बसते. म्हणून तिच्याशी एकटीशी बोलणे हा पहिला धडा. त्याच संहितेच्या कलम 179 प्रमाणे साठीवरील पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसानेच घरी जायचे असते.

“घरचं भांडण आहे, आपसात मिटवा” हे वाक्य मोडून काढणे सर्वांत अवघड. भांडणामागे बहुधा उतारा नाहीतर बक्षीसपत्र असते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, 2007 च्या अधिनियमाच्या कलम 23 खाली न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. जिल्ह्यात त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणे मात्र कलम 24 खाली सरळ गुन्हाच आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

रस्त्यावरचे गुन्हे ओळखीचे आहेत. तोतया पोलीस गाठतो, “पुढं चोऱ्या होताहेत आजी, दागिने रुमालात बांधा” म्हणतो, आणि घरी गाठ सोडल्यावर खडे निघतात. अशी आजी खऱ्या खाकीलाही बिचकते, हे तपासाला गेलेल्याने ध्यानात ठेवावे. ‘डिजिटल अटक’, म्हणजे फोनवर पोलीस असल्याचे भासवून, अटकेची भीती घालून पैसे उकळणे, हा त्याच सोंगाचा मोबाईलवरचा अवतार. अशी अटक भारतीय कायद्यात नाहीच. 2025 मध्ये खानापूर तालुक्यातील एका वृद्ध दाम्पत्याने या छळापायी जीव दिला. अशा तक्रारीत ठाणे अंमलदाराने आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवून पैसे गोठवायला लावायचे, कागद नंतर रंगवायचे. “एवढे पैसे पाठवलेच कसे?” हा प्रश्न तर विचारायचाच नाही, त्या भीतीनेच कित्येकजण ठाण्याची पायरी चढत नाहीत.