राजधानी गेली, चिकटवह्या उरल्या

नागपूरचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला आधी कागदच सापडत नाहीत; हाती लागतात त्या घरोघरच्या चिकटवह्या, म्हणजे पत्रे, फोटो, कात्रणे चिकटवलेल्या वह्या. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले, वारस मान्य झाला नाही आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. भोसल्यांचे दागदागिने कलकत्त्याच्या लिलावात गेले. १८६४ मध्ये महाल भागातला त्यांचा काळ्या दगडाचा राजवाडाही जळाला. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले होते. जवळजवळ शतकभराने, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, तो मानही गेला: राजधानी भोपाळला, नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात. रेसिडेन्सीचा, म्हणजे भोसल्यांच्या दरबारी नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या कचेरीचा, पत्रव्यवहार छापून निघाला खरा, पण त्यात शहर दिसते ते सीताबर्डीच्या टेकडीवरून, साहेबाच्या नजरेतून. इतवारी पेठेतल्या घरात काय चालले होते, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

घरगुती कागद गोळा करण्याची मराठी परंपरा जुनी आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. नागपुरात या. मा. काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' आला आणि विदर्भ संशोधन मंडळ उभे राहिले, ते १९३४ च्या सुमारास. मात्र या पिढीचे लक्ष सनदा, बखरी आणि प्राचीन वाकाटक राजांचे ताम्रपट यांवर होते. एम्प्रेस मिल या कापडगिरणीतल्या कामगाराने गावी धाडलेले कार्ड त्यांच्या लेखी इतिहास नव्हते.

अशी कार्डे मात्र ढिगाने लिहिली गेली. १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ च्या पहिल्या दिवशी एम्प्रेस मिल सुरू झाली, १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. पुढे फोटो स्टुडिओ आले. ट्रंकेत साठलेले हे सगळे कुणीतरी हौशी माणूस जाड वहीत खळीने चिकटवू लागला, शेजारी वर्तमानपत्राचे कात्रण, लग्नपत्रिका, पोळ्यानंतर निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा फोटो. त्यातला खरा ऐवज फोटोखालची ओळ असते: कोण, कुठे, कधी, कुणाच्या घरून मिळाला. ती नसेल तर दुसऱ्या रांगेतले फेटेवाले आजोबा म्हणजे नुसता फेटा.

दलित वस्त्यांत तर हे काम आणखी निकडीचे होते, कारण सरकारी दप्तरात त्यांची नोंद बहुधा तक्रार किंवा जनगणना म्हणूनच होई. नागपूरचेच वसंत मून यांनी बाबासाहेबांचे लेखन, भाषणे आणि कागदपत्रे जमवण्यात आयुष्य घातले. शासनाने त्यांच्या संपादनाखाली काढलेल्या खंडांतला पहिला १९७९ मध्ये आला. धम्मदीक्षा सोहळ्याचे एक संयोजक वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू शहराबाहेर चिचोलीला सांभाळल्या. १४ ऑक्टोबर १९५६ च्या त्या बौद्ध धम्मदीक्षेला ज्या घरातून कुणी गेले होते, त्या घरचा अल्बम म्हणूनच साधा कौटुंबिक अल्बम मानू नये.

आता वह्यांच्या तब्येतीविषयी. हातकागदावरची मोडी पत्रे आश्चर्य वाटावे इतकी टिकतात. वर्तमानपत्राचा कागद मात्र आम्लामुळे पिवळा पडून तुटतो आणि शेजारच्या फोटोलाही डाग देतो. खळ म्हणजे कसरीला मेजवानी. नागपूरचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि पाठोपाठचा दमट पावसाळा यांत पाने वाकतात. सर्वात वाईट म्हणजे १९७० नंतरचे चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम: त्यातून फोटो ओढला की निम्मा तिथेच राहतो. त्याआधीची खळीची वही त्या मानाने पुष्कळ बरी! काहीही सोडवण्यापूर्वी अख्ख्या पानाचा फोटो घ्यावा, कारण कशाशेजारी काय लावले होते हीदेखील संग्राहकाची साक्ष असते.

अशी वही घरच्यांनी एखाद्या संस्थेला दिली, तरी एक गाठ उरते. पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि भारतीय कायद्यानुसार सर्वसाधारणपणे तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. तेव्हा वही जपायला कुणाची हरकत नाही. पत्रे छापायची तर लिहिणाऱ्यांच्या वारसांना विचारावे लागते, आणि ते आता पुण्यात, बंगळुरूत, न्यू जर्सीत विखुरलेले असतात.