माळरान म्हणजे तोडलेलं जंगल? नाही हो!

"इथं आधी घनदाट जंगल होतं, तोडलं म्हणून माळ झाला" हे सगळीकडे ऐकू येतं, पण पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यासारखी कमी पावसाची माळरानं मुळातच सव्हाना, म्हणजे विरळ झाडांचे गवताळ प्रदेश आहेत, आपल्या उपखंडात असं गवत 70-80 लाख वर्षांपूर्वीच पसरायला लागलं, तेव्हा कुऱ्हाड चालवायला माणूस होता कुठे? इकॉलॉजीच्या मुलांना इथं गवत-झुडपं मोजायची एक मीटरची चौकट टाकून गुडघ्यावर बसवा आणि कुसळी गवताचं कुसळ ओलं करून बघायला सांगा, गोल गोल फिरत बी मातीत घुसवतं ते, भारी दिसतं! या गवताला भरपूर ऊन लागतं. वर गिरिपुष्प या बाहेरून आणलेल्या झाडाची दाट सावली आली की ते मागे हटतं, मग चिंकारा नि धाविक पक्ष्यांनी जायचं कुठे? वृक्षारोपणाचे खड्डे इथं नकोत प्लीज, सह्याद्रीत जिथं खरंच जंगल तोडलंय तिथं लावा, तीपण तिथलीच झाडं.